शिडाच्या बोटीने ग्रीसची शांत गावं बघायचीत? आधी वहिनींच्या हातात सुकाणू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास, तुम्ही सेलिंगचा कोर्स करून डे स्किपर झालाय (म्हणजे दिवसा छोटी बोट स्वतः चालवण्याचं सर्टिफिकेट मिळालंय), वहिनींना बोटीचं काही येत नाही आणि पाण्याची जराशी भीतीपण वाटते, हातात दहा दिवस आहेत, सँटोरिनी-मायकोनोसची गर्दी नको, भूमध्य समुद्राकाठची लहान शांत गावं बघायची, बोट भाड्याने घ्यायची पण स्किपर, म्हणजे भाड्याचा कप्तान, नको, तर कुठे जायचं, कधी जायचं, आणि मुळात जमेल का. मी आणि नवरा गेली तेरा वर्षं जवळजवळ दर वर्षी हेच करतोय त्यामुळे सगळं सविस्तर लिहिते.

जमेल. पण तुम्ही लिहिलंय ना, "ती फक्त सोबत असेल, सगळं मी बघेन", ते आधी बदलायला लागेल. बाकी जागा, सीझन, खर्च हे सगळं नंतर.

आमच्या पहिल्या वर्षी मीपण "फक्त सोबत" होते. नवऱ्याला सगळं येत होतं, मी फोटो काढायचे, चहा करायचे, दोर दे म्हटलं की दोर द्यायचे. चौथ्या दिवशी कास्तोस नावाच्या इवल्याशा बेटावर सकाळी नांगराची साखळी अडकली म्हणून हा वाकून ओढायला गेला आणि कंबर धरली ती अशी धरली की ह्याला उठून बसता येईना. दुपारी वारा फिरला, बंदरात लाट यायला लागली, बोट मागे धक्क्यावर आपटायच्या बेतात, आणि मला इंजिन चालू कसं करायचं तेही माहीत नव्हतं. शेजारच्या बोटीवर एक सत्तरीच्या जर्मन बाई होत्या, त्या उडी मारून आमच्या बोटीवर आल्या, मला सुकाणूवर उभं केलं, स्वतः नांगर उचलला आणि बोट बाहेर काढून दिली. मी त्या दिवशी खूप रडले, भीतीने कमी आणि आपल्याला काहीच येत नाही याचं वाईट वाटून जास्त. त्या डिसेंबरात मी मुंबईत कोर्स केला. तेव्हापासून धक्क्याला बोट लावताना सुकाणूवर मी असते आणि नांगर-दोर नवरा बघतो.

आणि हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. ग्रीसमध्ये स्किपरशिवाय बोट घेताना एक सर्टिफिकेटवाला लागतो आणि सोबत बोट हाताळायचा अनुभव असलेला दुसरा माणूसही लागतो, दुसऱ्याकडे सर्टिफिकेट नसेल तर मला अनुभव आहे असं लिहून सही करून द्यावी लागते. खूप जोडपी ही सही डोळे मिटून ठोकतात. कृपा करून तसं करू नका. तुम्ही पाण्यात पडलात तर तुम्हाला उचलायला बोट परत आणणारी व्यक्ती कोण, तर वहिनी. दुसरं कोणी नाहीच आहे बोटीवर.

त्यांना पूर्ण कोर्स नको असेल तर नको, पण या गोष्टी हाताखालून गेल्याच पाहिजेत: इंजिन चालू-बंद, बोट वाऱ्यावर तोंड करून थांबवणं, पुढचं शीड गुंडाळणं, नांगर टाकणं-उचलणं, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर मदत मागणं, आणि बोलाईनची गाठ, म्हणजे दोराला न आवळणारं कडं करायची गाठ. मुंबईत ऑक्टोबर ते मे सेलिंग चालतं, दोन-तीन वीकएंड पुरतात. समुद्र लागण्याचं पण सांगते, ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला सहसा कमी लागतो, कारण नजर लांब क्षितिजावर असते आणि बोट कुठे झुकणार ते अंगाला आधी कळतं. खाली केबिनमध्ये जाऊन फोन बघत बसलेल्या माणसाला दहा मिनिटात मळमळतं. गोळी काय घ्यायची ते तुमच्या डॉक्टरला विचारून न्या, आणि आलेपाकाच्या वड्या न्या, मला तरी त्याने बरं वाटतं.

आता जागा. पहिल्या वेळेला ग्रीसचा पश्चिम किनारा म्हणजे आयोनियन समुद्र, दुसरीकडे कुठेही नाही. लेफकाडा बेटावरून बोट घ्या, जवळचा विमानतळ प्रेवेझा, लेफकाडा मुख्य जमिनीला तरंगत्या पुलाने जोडलेलं आहे त्यामुळे टॅक्सीने थेट मरीनापर्यंत, म्हणजे या बोटींच्या बंदरापर्यंत, जाता येतं, फेरीची भानगड नाही. फोटोतली ती पांढरी घरं-निळे घुमट एजियन समुद्रात आहेत आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस सहा-सात बोफर्टने वाहतो (बोफर्ट हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप), सहा म्हणजे २२ ते २७ नॉट, तासाला तेवढे समुद्री मैल, दोघांच्या क्रूने पहिल्याच वर्षी त्यात जाऊच नये. आयोनियनचा उन्हाळी वारा म्हणजे आपण शाळेत भूगोलात पाठ केलेल्या खाऱ्या वाऱ्यासारखा, सकाळी पाणी तेल ओतल्यासारखं सपाट, साडेबारा-एकला वायव्येकडून हलकेच सुरू होतो, चारच्या सुमाराला तीन-चार, कधी पाच बोफर्ट, आणि सूर्य बुडाला की बंद. तिकडचे लोक त्याला माइस्त्रो म्हणतात. बेटं जवळजवळ, एका मुक्कामावरून दुसरा मुक्काम डोळ्याला दिसतो. दिवसाला दहा-पंधरा समुद्री मैल, म्हणजे पाच नॉटने दोन-तीन तास, बास. एक समुद्री मैल १.८५२ किलोमीटर हे तुम्हाला माहीतच असेल.

सीझन: मे अखेर ते जून मध्य. आपल्याकडे १ जूनला मासेमारी बंद होऊन बोटी वर ओढतात नेमक्या तेव्हा तिकडे सगळ्यात छान दिवस असतात, रात्री नऊपर्यंत उजेड, धक्क्यावर जागा मिळते, पाणी पोहायला जरा गार लागतं एवढंच. सप्टेंबरमध्ये पाणी मस्त कोमट असतं म्हणून लोक सप्टेंबर सांगतात, पहिला पंधरवडा मीही सांगीन, पण महिना सरत आला की गडगडाटी वादळं सुरू होतात. सप्टेंबर २०२० मध्ये इआनोस नावाचं वादळ केफालोनिया-इथाकावर आलं होतं, चक्रीवादळासारखंच, कितीतरी बोटी बुडाल्या किंवा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. असं दर वर्षी होत नाही, पण नवख्यांनी मे-जूनच घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं तर शांत गावं विसरा.

दहा दिवसांचं गणित असं करा. बोटी बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात आणि शुक्रवारी संध्याकाळीच परत आणायला लागतात. आधीचे दोन दिवस लेफकाडा गावात हॉटेलात काढा, झोप भरून काढा, मरीनात फिरून बोटी कशा बांधल्यात ते नुसतं बघा. शनिवारी दुपारी बोट ताब्यात मिळेल, त्या दिवशी निघायची घाई करू नका.

रविवारी मेगानिसी. वाटेत स्कॉर्पियोस दिसेल, एकेकाळी ओनासिस या ग्रीक जहाजमालकाचं बेट, तिथेच १९६८ मध्ये त्याचं जॅकलिन केनेडीशी लग्न झालं, उतरून बघायच्या फंदात न पडता पुढे चला. मेगानिसीच्या उत्तर किनाऱ्यावर खोल खाड्याच खाड्या आहेत. स्पार्तोखोरी गाव वर टेकडीवर आणि खाली तावेर्ना, म्हणजे तिकडची खाणावळ. त्यांचा स्वतःचा लाकडी धक्का असतो, रात्री त्यांच्याकडे जेवलात की बोट बांधायचे पैसे सहसा नाहीत. संध्याकाळी चढून वर जा, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली की एकाने दारात सरायचं, म्हाताऱ्या बायका पायरीवर बसून भाजी निवडत असतात. "कालिस्पेरा" म्हणा, म्हणजे शुभ संध्याकाळ, लगेच हसून उत्तर मिळतं.

सोमवारी कालामोस. या बेटाच्या दक्षिणेकडे पोर्ट लिओने नावाचं ओसाड गाव आहे, १९५३ च्या ऑगस्टमधल्या भूकंपानंतर लोक ते सोडून गेले. त्याच भूकंपाने केफालोनिया आणि झाकिन्थोसची गावंच्या गावं आडवी झाली होती. पोर्ट लिओनेच्या खाडीत नांगर टाकून आम्ही छोट्या रबरी बोटीने काठावर जातो. छप्परं गेलेली घरं, भिंतीतून अंजिराची झाडं बाहेर आलेली, एका घरात तेल काढायच्या घाण्याचं जातं तसंच पडलंय, आणि ह्या सगळ्याच्या मधे चर्च मात्र स्वच्छ, झाडलेलं, आत तेलाचा दिवा. कोणीतरी बोटीने येऊन ते सांभाळतं. कोकणात घरं बंद पडली तरी ग्रामदेवतेच्या देवळात दिवाबत्ती चालू असते ना, अगदी तसं. मी तिथे दर वेळी बराच वेळ बसते. रात्र मात्र तिथे काढू नका, नांगराखालचा तळ सगळीकडे सारखा चांगला नाही, संध्याकाळी कालामोसच्या मुख्य बंदरात या.

मंगळवारी कास्तोस, ते मी वर लिहिलेलं, एकच गाव, हातावर मोजण्याइतकी घरं, आणि माझ्यासाठी आता भूमध्य समुद्रातली सगळ्यात लाडकी जागा. बंदर लहान, दुपारी दोनच्या आत पोचलात तरच जागा. शांत गावांची किल्लीच ही आहे, लवकर निघा लवकर पोचा. चारनंतर येणाऱ्याला धक्का भरलेला मिळतो, मग चिडचिड, मग घाईत नांगर, मग रात्रभर झोप नाही.

बुधवारी इथाका. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसचं गाव म्हणून नाव मोठं पण बेटावर विमानतळ नाही त्यामुळे अजून निवांत आहे. किओनीला जा, खाडीच्या तोंडाशी टोकावर तीन पडक्या पवनचक्क्या दिसल्या की समजायचं पोचलो. जागा नसेल तर शेजारीच फ्रिकेस. इथे दोन रात्री काढा, गुरुवारी बोट हलवू नका, चालत डोंगरावर जा, ऑलिव्हच्या बागांमधून वाट आहे. शेजारच्या केफालोनियावरचं फिस्कार्दो सगळे सुचवतात, भूकंपातून वाचलेली व्हेनेशियन काळातली घरं तिथे आहेत आणि ती खरंच सुंदर आहेत, पण तिथे बोटींचे ताफेच्या ताफे येतात, तुम्हाला शांतता हवी असेल तर लांबून बघून पुढे चला. शुक्रवारी पहाटे सहाला वारा यायच्या आत इंजिनवर उत्तरेला निघा, कारण दुपारी तोच वायव्येचा वारा थेट तोंडावर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, धक्क्याला बोट लावणं, कारण तुम्ही मुंबईत शिकलात आणि मुंबईत हे शिकवायला जागाच नाही. आपल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार मीटरच्या वर खाली होतं, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हातभरही नाही, म्हणून तिथे बोट पुढून नांगरावर आणि मागून दोन दोरांनी थेट दगडी धक्क्याला बांधतात, फळी टाकली की उतरून गावात. दिसायला सोपं. करायचं असं: बोटीच्या लांबीच्या तीन-चार पट अंतरावर धक्क्याकडे पाठ करून नांगर तळाला सोडायचा, मग हळू मागे येत साखळी सोडत राहायची, साखळी ताणून धरायची नाही, धक्का एक-दीड मीटरवर आला की आधी वाऱ्याच्या बाजूचा दोर बांधायचा, मग दुसरा, मग इंजिन मागेच ठेवून नांगर धरतोय का ते बघायचं. पुढच्या टोकावर उभं राहून साखळीवर पाऊल ठेवलं की कळतं, नांगर घसरत असेल तर साखळी पायाखाली थरथरते, धरला असेल तर घट्ट आणि गप्प होते. तळ बघायचा, फिकट हिरवं पाणी म्हणजे वाळू, काळपट डाग म्हणजे समुद्री गवत, गवतात नांगर धरत नाही आणि ते गवत उपटणं समुद्रालाही वाईट, त्याच्या आसऱ्याने तिथली कितीतरी मासळी वाढते. स्पेनच्या बॅलेरिक बेटांवर त्या गवतावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे, फ्रान्समध्ये मोठ्या बोटींना, ग्रीसमध्ये तुम्ही आपणहून टाळा.

नवरा-बायकोची जेवढी भांडणं होतात तेवढी या दहा मिनिटात होतात. पुढून मागे दहा-अकरा मीटर, मधे इंजिनचा आवाज आणि वारा, ओरडलेलं अर्धं ऐकू येतं आणि ओरडणं म्हणजे रागावणंच वाटतं. आमचे हाताचे पाच इशारे ठरलेत: सोड, थांब, ओढ, नांगर धरला, आणि सगळं सोडून परत बाहेर चल. शेवटचा इशारा दोघांपैकी कोणीही करू शकतं आणि दुसऱ्याने तेव्हा कारण विचारायचं नाही, बाहेर गेल्यावर विचारायचं. हा एक नियम पाळलात ना तरी ट्रिप सुखाची होईल. रविवारी निघाल्यावर पहिला एक तास मोकळ्या पाण्यात नुसतं बोट मागे चालवायची प्रॅक्टिस करा, दोघांनी, वहिनींनी जास्त.

बोट ३४ ते ३६ फुटांची घ्या, मोठी घेऊ नका, दोघांना आवरत नाही. सोबत नांगराची इलेक्ट्रिक मोटर आणि मागे-पुढे गुंडाळता येणारी शिडं आहेत का ते विचारा. ताब्यात घेताना पूर्ण बोटीचा व्हिडिओ काढा, खालचा ओरखडा, तुटकी जाळी, रबरी बोट, सगळं. एका वर्षी आमच्याकडून आधीच असलेल्या ओरखड्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले, कारण आम्ही फोटो काढले नव्हते. डिपॉझिट दीड-दोन हजार युरोपासून पुढे असतं, ते वेगळं बाजूला ठेवा. आणि बुकिंगआधी तुमचं सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवा, हे चालेल असं लेखी घ्या, तोंडी होकारावर विमानाची तिकिटं काढू नका. धीर होत नसेल तर पहिले दोन दिवस स्किपर घ्या, तो दोघांनाही शिकवेल या अटीवर, त्यात कमीपणा काही नाही.

व्हिसा शेंगेन, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुक्कामाचा पुरावा म्हणून बोटीचं कन्फर्मेशन, त्यावर दोघांची नावं आणि हॉटेलच्या रात्रींचं बुकिंग जोडा. पुढच्या वेळी सिमी या ग्रीक बेटावरून समोर तुर्कस्तानात डोकवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहे, परत ग्रीसमध्ये यायला मल्टिपल एंट्री लागते.

जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी असाल तरी नाही. यिगांदेस मागा, टोमॅटोत भाजलेले मोठे दाणे, आपल्या डबल बीची उसळच. फावा म्हणजे दाट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. सामानात छोटा कुकर, तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला आणि कोरडी दडप्याची तयारी न्या, वादळी दिवशी खाडीत अडकलात तर गरम खिचडीसारखं दुसरं काही नाही. तूप मात्र नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पाण्याची टाकी साधारण तीनशे लिटरची असते, दोघांना जपून वापरलं तर चार दिवस. कडक सुटकेस नको, बोटीवर ठेवायला जागा नसते, कापडी बॅगा न्या. आणि बोटीवरच्या संडासात कागदसुद्धा टाकायचा नाही, पाइप तुंबला की सुट्टीतला एक अख्खा दिवस त्यात जातो.

हवामान रोज सकाळी आणि संध्याकाळी दोघांनी मिळून बघा, विंडी ॲप आणि ग्रीसचं पोसायडन दोन्ही, आणि वहिनी "आज नको" म्हणाल्या तर त्या दिवशी निघायचं नाही. आमच्याकडे पण हेच आहे, ज्याला जास्त भीती वाटते त्याचं ऐकायचं. मागच्या वर्षी मी किओनीहून निघायला नाही म्हणाले, कारण असं काही नव्हतं, ढग मला आवडले नाहीत एवढंच. दुपारी वीस मिनिटं तुफान पाऊस-वारा झाला आणि आम्ही दोघं आत बसून पवनचक्क्यांवर कोसळणारं पाणी बघत होतो.

तर बुकिंग आत्ता नको. आधी दोन वीकएंड वहिनींना घेऊन मुंबईत पाण्यावर जा, त्यांना सुकाणू द्या आणि तुम्ही पुढे बसून दोर ओढा. मग त्या काय म्हणतात ते लिहा. त्यांना स्वतःला काही विचारायचं असेल, भीतीचं किंवा काहीही, तर त्यांनीच विचारू देत, मी नक्की उत्तर देईन.